मुळं अजून जिवंत आहेत

2019 मध्ये कंपनीच्या कामासाठी मी सहा महिने अमेरिकेत, व्हर्जिनियात होतो. एका रविवारी ऑफिसमधला एक सहकारी मला शेनान्डोआच्या डोंगरात फिरायला घेऊन गेला. चालता चालता तो थांबला, अंगठ्याएवढ्या जाडीचं एक रोप दाखवलं आणि म्हणाला, "हे नीट बघून घे. काही वर्षांनी आलास तर हे मेलेलं असेल आणि त्याच मुळातून दुसरं फुटलेलं असेल."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण तो खरंच सांगत होता. ते अमेरिकन चेस्टनटचं झाड होतं.

चेस्टनट म्हणजे काटेरी बोंडातलं तपकिरी फळ. भाजलं की रताळ्यासारखं गोडसर लागतं. एकेकाळी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलेशियन डोंगरांत काही ठिकाणी दर चार झाडांमागे एक चेस्टनट असे. शंभर फूट उंच झाडं. डोंगरातली कुटुंबं पोती भरून फळं विकत आणि त्या पैशांतून मुलांना बूट घेत. लाकूड कुजत नसे, म्हणून घरं, कुंपणं, रेल्वेचे स्लीपर त्याचेच.

1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातली चेस्टनटची झाडं वाळताना दिसली. आशियातून आणलेल्या शोभेच्या रोपांबरोबर एक बुरशी आली होती. सालीच्या भेगेतून ती आत शिरते, ऑक्झॅलिक ॲसिड तयार करते आणि सालीखालचा जिवंत थर मारत खोडाभोवती पसरते. वेढा पूर्ण झाला की वरचं झाड संपतं. पेनसिल्व्हेनिया सरकारने खास आयोग नेमला, रोगट झाडं तोडली, पण बुरशी वाऱ्याबरोबर पुढे गेली. 1950 पर्यंत तीन ते चार अब्ज झाडं गेली. कशीही मरणारच म्हणून लोकांनी चांगली झाडंही तोडून विकली. त्यांत रोगाला तोंड देणारी काही असतील, तर तीही गेली.

मातीतल्या मुळांना मात्र ही बुरशी मारू शकत नाही. मुळं फुटत राहतात, रोप वर येतं, बहुतेकदा फळ धरायच्या आतच रोग गाठतो. शंभर वर्षं हेच चाललंय.

1983 मध्ये अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन स्थापन झालं. चिनी चेस्टनट ही बुरशी सहन करतं, पण ते बुटकं आणि पसरट. दोघांचा संकर करायचा, मग ते रोप पुन्हा पुन्हा अमेरिकन झाडाशी जुळवायचं, म्हणजे उंची अमेरिकन आणि ताकद चिनी, असा हिशेब होता. वाटलं होतं, ही ताकद दोन-तीन जनुकांत असेल. निघाली कितीतरी जनुकांत विखुरलेली.

दुसरी वाट सिरॅक्यूजच्या वनविद्या महाविद्यालयात विल्यम पॉवेल आणि चार्ल्स मेनार्ड यांनी शोधली. गव्हात एक जनुक असतं, जे ऑक्झॅलिक ॲसिड मोडून टाकतं. ते त्यांनी चेस्टनटमध्ये घातलं. बुरशी मरत नाही, पण तिचं हत्यार बोथट होतं. बडोद्याला फोनवर आईला हे सांगितलं, तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अरे, मग त्या झाडाला काय गव्हाच्या लोंब्या येणार का?"

या झाडाच्या वाणाचं नाव 'डार्लिंग 58'. जंगलात लावायची परवानगी मिळण्याच्या बेतात असताना, 2023 च्या अखेरीस लक्षात आलं की वर्षानुवर्षं तपासली जात होती ती झाडं 58 ची नव्हतीच, 54 ची होती. कुठेतरी अदलाबदल झाली होती. 54 मध्ये गव्हाचं जनुक झाडाच्याच दुसऱ्या एका जनुकात जाऊन बसलं होतं. फाउंडेशनने हे जाहीर केलं, झाडांची वाढही अपेक्षेइतकी नाही असं सांगितलं आणि आपला पाठिंबा काढून घेतला. त्याच्या महिनाभर आधीच पॉवेल वारले होते. महाविद्यालयाचं मत वेगळं आहे. ते 54 वर काम करतच आहेत.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. कारण चार वर्षांपूर्वी मीही क्लायंटच्या सर्व्हरवर चुकीचं व्हर्जन टाकलं होतं. दोन फाइली, नावात एका आकड्याचा फरक. तीन दिवसांनी लक्षात आलं, तेव्हा रात्री गुपचूप बदलून टाकलं आणि गप्प बसलो. नुकसान झालं नाही, कुणाला कळलंही नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय. माझे तीन दिवस होते. त्या लोकांची कित्येक वर्षं होती, देणगीदारांचा पैसा होता, आणि तरी त्यांनी चूक सगळ्यांसमोर मांडली.

संकराचं काम थांबलेलं नाही. आता रोप लहान असतानाच त्याची जनुकं तपासून चांगली रोपं निवडतात. आज रोपं लावणाऱ्या म्हाताऱ्या स्वयंसेवकांना ठाऊक आहे, की ते जंगल आपल्याला दिसणार नाही. आपल्या गावाचं नावच वडावरून पडलंय, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला वेगळी समजवायला नको.

पुढच्या वर्षी पुन्हा व्हर्जिनियाला जायचा योग दिसतोय. गेलो तर ती वाट शोधणार आहे. ते रोप बहुधा नसेल. त्याच्या बुडाशी नवं काही फुटलंय का, ते बघायचंय.