खिशातला फोन आणि आपली विशेष मुले



नवागाम, डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत आपली खानदेशी मंडळी दोन-तीन पिढ्यांपासून स्थिरावली आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेल्यांची नातवंडे आज इथे शिकत आहेत. दहावी-बारावीच्या गुणगौरवाला सभागृह भरते. पण ज्या घरातल्या मुलाला दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही किंवा जे मूल स्वमग्न आहे, ते घर त्या सभागृहात क्वचितच असते. "आमच्या मुलाला घेऊन काय यायचे?" असे म्हणत ही माणसे आधी गुणगौरवाला येईनाशी होतात, मग हळदी-कुंकवाला आणि शेवटी लग्नकार्यालाही.

मी बँकेत नोकरी केलेला माणूस. डॉक्टर नाही, विशेष शिक्षकही नाही. निवृत्तीनंतर ओळखीच्या दोन-तीन घरांत फॉर्म भरायला आणि फोन लावून द्यायला बसलो. तिथे जे पाहिले आणि नंतर वाचून पडताळले, ते इथे मांडतो. सांगायचे एवढेच की, पूर्वी ज्या साधनांना फार पैसे पडत, त्यांतली बरीच आज साध्या अँड्रॉइड फोनमध्ये फुकट आहेत. अडते ते भाषेपाशी आणि आपल्या सवयींपाशी.

आधी कागद

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते ७ होते. स्वमग्नता आणि वाचन-लेखनातली विशिष्ट अडचण, म्हणजे 'तारे जमीन पर' चित्रपटातल्या ईशानची अडचण, यांचाही आता त्यात समावेश आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा जवळची साधी हवी की विशेष हवी, ही निवडही कायद्याने दिली आहे.

म्हणून पहिले काम यूडीआयडी कार्डाचे. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. पुष्कळ पालक "शिक्का बसेल" म्हणून हे टाळतात. खातेच उघडले नाही तर त्यात व्याज कसे जमा होणार? शिष्यवृत्ती, प्रवासातली सवलत, परीक्षेतला लेखनिक आणि वाढीव वेळ, केंद्राच्या 'ॲडिप' योजनेतले श्रवणयंत्र किंवा इतर साधन यांसाठी हा कागद लागतोच.

ज्यांना दिसत नाही

ब्रेल ही सहा ठिपक्यांची लिपी. आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांनी तिची एक गंमत लक्षात घ्यावी. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल नावाची एकच पद्धत आहे. मराठी 'क' आणि गुजराती 'क' डोळ्यांना वेगळे दिसतात, बोटांना मात्र सारखेच लागतात. त्यामुळे सुरतेच्या शाळेत गुजरातीतून ब्रेल शिकलेले मूल मराठी ब्रेलची अक्षरेही ओळखते. वाचायला काय द्यायचे, हा प्रश्न उरतो. मराठीत स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ पासून 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक सुरू केले. आपल्या भाषेच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

ब्रेलची पुस्तके जाडजूड होतात आणि महागही पडतात. इथे फोन मदतीला येतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' आणि त्यात 'टॉकबॅक' असते. ते सुरू केले की बोट लावू ते फोन वाचून दाखवतो आणि दोनदा टकटक केले की ते उघडतो. मराठी आवाज एकदा उतरवून घ्यावा लागतो. संगणकावर हेच काम 'एनव्हीडीए' ही मोफत प्रणाली करते. केंद्र सरकार आणि डेझी फोरम ऑफ इंडिया यांनी २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांना तिथे अनेक भारतीय भाषांतली पुस्तके मिळतात. त्याआधी २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली होती, त्यामुळे अशी पुस्तके तयार करायला कायद्याची आडकाठी राहिली नाही.

मात्र फोन आला म्हणून ब्रेल सोडू नये. नुसते ऐकून शिकणाऱ्या मुलाला 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कळायचा कसा? शुद्धलेखन आणि गणिताची मांडणी यांसाठी अक्षर बोटाखाली यावेच लागते.

आपले निमंत्रण त्यांना ऐकू येते का?

आता मंडळाच्या घरची गोष्ट. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारी बहुतेक निमंत्रणे चित्राच्या रूपात असतात. झेंडूच्या माळा, गणपती, मान्यवरांचे फोटो आणि त्यात कुठेतरी तारीख व स्थळ. टॉकबॅक वापरणाऱ्याचा फोन त्यावर बहुधा 'फोटो' एवढेच म्हणतो. कार्यक्रम कधी, कुठे, कोणाचा, काही कळत नाही. दुःखद निधनाची बातमीही अशीच येते आणि त्या माणसाला ती दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगते.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. चित्र पाठवाच, पण त्याखाली तोच मजकूर टाइप करा. टाइप करताना युनिकोड वापरा, म्हणजे फोनवरचा नेहमीचा मराठी कीबोर्ड. छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. अहवाल आणि स्मरणिका यांनाही हेच लागू आहे. ज्येष्ठ सभासदांचाही यात फायदा आहे. टाइप केलेला मजकूर मोठा करून वाचता येतो किंवा ऐकता येतो.

ज्यांना ऐकू येत नाही

गावाकडे बोलण्यासाठी आपण आधी एसटीडी बूथवर रांग लावत होतो, मग मोबाइल आला. कर्णबधिर माणसाला या दोन्हींचा उपयोग जवळजवळ शून्य होता. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला आणि त्याच्या हातात खऱ्या अर्थाने टेलिफोन पडला. आता सुरतेतला मुलगा अमळनेरच्या बहिणीशी खुणांनी तासभर बोलू शकतो. लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या बापालाही सुट्टीच्या पाच मिनिटांत मुलाशी बोलता येते. अट एकच, बापाला खुणा यायला हव्यात.

या खुणा म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा. तिला स्वतःचे व्याकरण आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश काढला. २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला. तो मोफत पाहता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये पीएम ई-विद्येची ३१ क्रमांकाची वाहिनी खास याच भाषेसाठी सुरू झाली. घरातल्यांनी रोज पाच शब्द शिकले तरी वर्षात अठराशेच्या वर होतात. आजी-आजोबांनाही त्यात बसवा. एकट्या आईला खुणा येत असतील, तर मूल घरभर वावरूनही एकाच माणसाशी बोलत राहते.

समोरच्याचे बोलणे लिहून दाखवणारे 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' हे ॲप २०१९ मध्ये आले. ते मराठीतही चालते. वर्गात किंवा दवाखान्यात मोठ्या मुलांना त्याची मदत होते. मात्र ते प्रमाण मराठी ओळखते. अहिराणीत भराभर बोललो की फोन काहीतरी भलतेच लिहितो. म्हणून सावकाश आणि एकेकाने बोलावे.

आणखी एक. कमी ऐकू येते अशी नुसती शंका आली तरी तपासणी लगेच करावी. "आमच्या घराण्यात मुले उशिराच बोलतात" म्हणत घालवलेली पहिली दोन-तीन वर्षे नंतर कोणतेही यंत्र परत देत नाही. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

ज्यांना बोलता येत नाही

स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांना समजते पुष्कळ, पण शब्द बाहेर येत नाहीत. त्यांच्यासाठी चित्र दाबले की बोलणारी ॲप्स आहेत. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेले 'जेलो' मराठीतही आहे आणि मोफत आहे. चेन्नईत तयार झालेले 'आवाज' हेही पुष्कळांना माहीत आहे. मूल पाण्याचे चित्र दाबते आणि फोन पाणी मागतो.

इथे पालकांना भीती वाटते की, फोन बोलू लागला तर मूल तोंडाने बोलायचा प्रयत्नच सोडेल. या विषयावरचे संशोधन तसे सांगत नाही. आपले म्हणणे समोरच्याला कळते, हा अनुभव आला की काही मुले आवाज काढायला अधिक धजावतात.

खरी अडचण भाषेची. घरात आजी म्हणते, "माले भूक लागनी." शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि उपचारांच्या ठिकाणी ॲप इंग्रजीत लावून देतात. साधे मूल या चारही भाषा खेळता खेळता उचलते. बोलायलाच झगडणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये मात्र घरातले एकही माणूस बोलत नाही ती भाषा भरली, तर तो फोन घरात मुका राहतो. म्हणून थेरपिस्टला स्पष्ट सांगा, "आमच्या घरात ही भाषा चालते, त्यातच सुरुवात करून द्या." काही ॲप्समध्ये घरच्या माणसांचे फोटो आणि आपलाच आवाज घालता येतो. तिथे आजीच्या आवाजात अहिराणी भरा. कोणत्याही कंपनीने अहिराणीचा आवाज तयार करण्याची वाट पाहायला नको.

अक्षरांशी झगडणारी मुले

मूल हुशार आहे, तोंडी सगळे सांगते, पण वाचताना अडखळते आणि लिहिताना अक्षरे गाळते. त्याला आळशी म्हणण्याआधी तपासणी करून घ्यावी. या मुलांना धडा ऐकता आला की अर्थ पटकन कळतो. बालभारतीची पुस्तके इंटरनेटवर मोफत आहेत. गुजरातच्या पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड 'दीक्षा'वर घेऊन जातात. गुगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठीत बोलून लिहिता येते. मुलाने आधी उत्तर बोलावे, उमटलेले वाचावे, मग वहीत उतरवावे. हा क्रम ठेवला तर यंत्र कुबडी न होता सरावाची पाटी होते.

पडद्याची मर्यादा

हे सगळे वाचून लहान मुलाच्या हाती फोन देऊन मोकळे होऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर नको. गाण्यांचे व्हिडिओ पाहत बसणे आणि चित्र दाबून आईकडे पाणी मागणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात समोर माणूस नसतो. 'ऑटिझम बरा करणारे ॲप' म्हणून पैसे मागणाऱ्यांपासूनही सावध राहावे. असे कोणतेही ॲप नाही.

शिक्षणानंतर व्यवहार

जुन्या व्यवसायाला धरून दोन शब्द. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना सांगितले आहे की, अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर यांपैकी काहीही अंधत्वाच्या कारणाने नाकारता येणार नाही. कोणी नाकारले तर शाखा व्यवस्थापकाकडे लेखी मागणी करा. कागदाला उत्तर द्यावे लागते. नोट ओळखून सांगणारे रिझर्व्ह बँकेचे 'मनी' ॲप १ जानेवारी २०२० ला आले. त्याला इंटरनेट लागत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामया' ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिचीही चौकशी करावी.

मंडळाने काय करावे

माझ्या चार सूचना आहेत. पहिली, ग्रुपवरच्या प्रत्येक चित्राखाली मजकूर टाइप करण्याचा नियम करावा. दुसरी, महिन्यातून एका रविवारी आपल्या तरुण मुलामुलींनी दोन तास बसून गरजू घरांचे फोन लावून द्यावेत आणि यूडीआयडीचे अर्ज भरून द्यावेत. तिसरी, वार्षिक कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनासाठी सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती बोलवावी आणि कर्णबधिर सभासदांना पुढच्या रांगेत जागा ठेवावी. चौथी, गुणगौरवाची यादी केवळ टक्क्यांवर करू नये. ब्रेलवर पहिले पुस्तक पुरे केलेली मुलगी आणि चित्र दाबून पहिल्यांदा आपले नाव सांगणारा मुलगा यांचेही नाव त्यात असावे.

याला मोठा निधी लागत नाही. फोन सगळ्यांकडे आहेत, तरुण मंडळी आहेत. ज्या घरातले मूल आजवर कार्यक्रमाला आले नाही, त्या घरी या महिन्यात एकदा जाऊन या. आणि जाल तेव्हा मुलाची चौकशी आईबापाकडे करू नका. मुलाशीच बोला, त्याला जमेल त्या भाषेत.