अमिगा संगणकावर नेटबीएसडीचे प्रतिष्ठापन

नेटबीएसडी/अमिगा ही नेटबीएसडी या युनिक्ससदृश, मुक्त स्रोत संचालन प्रणालीची कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकांसाठी तयार केलेली आवृत्ती आहे. मोटोरोला ६८००० कुळातील प्रोसेसरवर चालणारे अमिगा संगणक १९८५ ते १९९४ या काळात घरगुती वापरासाठी, विशेषतः चित्र, ध्वनी आणि खेळांसाठी, लोकप्रिय होते. त्यांच्यावर नेटबीएसडी बसवता येईल की नाही, हे प्रोसेसरच्या वेगापेक्षा स्मृती-व्यवस्थापन एकक (एमएमयू) उपलब्ध आहे की नाही यावर ठरते. प्रतिष्ठापनाची सुरुवात संगणकावर आधीपासून असलेल्या अमिगाओएस या मूळ प्रणालीच्या साहाय्यानेच करावी लागते.

पार्श्वभूमी

पहिला अमिगा १००० हा संगणक १९८५ मध्ये बाजारात आला. त्यानंतर १९८७ मध्ये अमिगा ५०० व २०००, १९९० मध्ये अमिगा ३००० आणि १९९२ मध्ये अमिगा ६००, १२०० व ४००० ही प्रारूपे आली. अमिगाओएसमध्ये एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवण्याची सोय प्रथमपासून होती. मात्र सर्व प्रोग्राम एकाच सामाईक स्मृतीत चालत. एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या स्मृतीत चुकून लेखन केले, तर संपूर्ण संगणक बंद पडू शकत असे.

अमिगावर युनिक्स आणण्याचा पहिला व्यावसायिक प्रयत्न खुद्द कमोडोरने केला. १९९० मध्ये कंपनीने एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टीम ५, रिलीज ४ वर आधारलेली 'अमिगा युनिक्स' ही प्रणाली काढली. ती 'अमिक्स' या नावानेही ओळखली जाते आणि अमिगा ३०००यूएक्स या प्रारूपासोबत विकली जात असे. तिचा विकास काही वर्षांतच थांबला आणि २९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोरने दिवाळखोरी जाहीर केली.

दरम्यान, १९९३ मध्ये नेटबीएसडी प्रकल्प सुरू झाला होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटबीएसडी १.० मध्ये अमिगाचा समावेश होता. निर्मात्या कंपनीचा पाठिंबा संपत असतानाच या संगणकाला स्वयंसेवकांनी जोपासलेली दुसरी प्रणाली मिळाली.

स्मृती-व्यवस्थापन एककाचे महत्त्व

युनिक्समध्ये प्रत्येक प्रक्रियेला स्वतःचे स्वतंत्र पत्ता-क्षेत्र असते. प्रोग्रामने वापरलेला पत्ता आणि स्मृतीतील प्रत्यक्ष जागा यांची सांगड एमएमयू घालते. त्यामुळे एका प्रक्रियेला दुसरीच्या स्मृतीत हस्तक्षेप करता येत नाही, आणि स्मृती अपुरी पडल्यास तिचा काही भाग डिस्कवर हलवून प्रोग्राम चालू ठेवता येतो.

'फोर्क' या मूलभूत क्रियेसाठीही एमएमयू उपयुक्त ठरते. फोर्कमुळे चालू प्रक्रियेची हुबेहूब दुसरी प्रत निर्माण होते. प्रोग्राममधील पत्ते जसेच्या तसे राहत असल्याने मूळ प्रक्रिया आणि तिची प्रत या दोघींना एकाच पत्त्यावर स्वतःची माहिती दिसावी लागते. एमएमयू असल्यास हे सहज साधते. ती नसल्यास प्रत्यक्ष माहिती इकडून तिकडे हलवणे भाग पडते. साध्या ६८००० प्रोसेसरसाठी आलेल्या मिनिक्स १.५ या शैक्षणिक प्रणालीने हाच मार्ग स्वीकारला होता. त्यामुळे ती एमएमयूविना चालत असे. परंतु तिच्यात स्मृती-संरक्षण नव्हते.

६८००० प्रोसेसरमध्ये एमएमयू नसते. शिवाय स्मृतीतील जागा न सापडल्याने अडलेली सूचना पूर्ववत पुढे चालू करण्याची क्षमताही त्यात नाही. त्यामुळे मूळ स्वरूपातील अमिगा ५०० किंवा ६०० वर नेटबीएसडी चालू शकत नाही.

हार्डवेअरची आवश्यकता

नेटबीएसडी/अमिगासाठी पुढीलपैकी एक प्रोसेसर लागतो:

• ६८०२०, सोबत ६८८५१ ही स्वतंत्र एमएमयू चिप
• ६८०३०, ज्यात एमएमयू अंतर्भूत असते
• ६८०४० किंवा ६८०६०

खरेदी करताना प्रोसेसरच्या नावातील 'ईसी' ही अक्षरे विशेष काळजीने पाहावी लागतात. ईसी प्रकारच्या स्वस्त चिपमध्ये वापरण्याजोगी एमएमयू नसते. अमिगा १२०० मध्ये ६८ईसी०२०, तर अमिगा ४०००/०३० मध्ये ६८ईसी०३० बसवलेला असे. म्हणजेच ही प्रारूपे मूळ स्थितीत अपात्र ठरतात, तर त्यांच्या आधीचा अमिगा ३००० पूर्ण ६८०३० प्रोसेसरमुळे पात्र ठरतो. अमिगा १२०० वर ही प्रणाली चालवण्यासाठी एमएमयूयुक्त प्रोसेसर आणि अतिरिक्त स्मृती असलेले प्रवेगक कार्ड जोडावे लागते.

अमिगामध्ये स्मृतीचे दोन प्रकार असतात. 'चिप' स्मृती प्रोसेसर आणि चित्र-ध्वनीच्या विशेष चिपांमध्ये वाटली जाते. 'फास्ट' स्मृती केवळ प्रोसेसरसाठी असते. जुन्या प्रतिष्ठापन-टिपांनुसार चिप स्मृती वगळून किमान ४ एमबी स्मृती आवश्यक आहे. अलीकडच्या आवृत्त्या सुरळीत चालण्यासाठी त्याहून बरीच अधिक स्मृती लागते.

प्रतिष्ठापनाची प्रक्रिया

डिस्कची विभागणी

अमिगाच्या हार्ड डिस्कवरील विभागांची नोंद डिस्कच्या आरंभी असलेल्या 'रिजिड डिस्क ब्लॉक' या कोष्टकात असते. नेटबीएसडी हेच कोष्टक वाचते. त्यामुळे अमिगाओएसमधील एचडीटूलबॉक्स या प्रोग्रामद्वारे दोन्ही प्रणालींसाठी विभाग आखता येतात. नेटबीएसडीसाठी किमान मूळ (रूट) आणि स्वॅप असे दोन विभाग लागतात. प्रत्येकाला ठरावीक ओळख-क्रमांक द्यावा लागतो, कारण विभाग कशासाठी आहे हे नेटबीएसडी त्यावरूनच ओळखते.

येथे नामसाधर्म्यामुळे गोंधळ होण्याचा संभव असतो. अमिगाओएस आणि बीएसडी या दोहोंच्या संचिका-प्रणालीला 'फास्ट फाइल सिस्टीम' असेच नाव आहे. परंतु त्यांच्या रचना पूर्णतः भिन्न आहेत. नेटबीएसडीच्या विभागांसाठी एचडीटूलबॉक्समधील त्या नावाचा पर्याय न निवडता 'कस्टम' हा पर्याय निवडून ओळख-क्रमांक स्वतः भरावा लागतो.

मोठ्या डिस्कबाबत आणखी एक धोका असतो. अमिगाओएस ३.१ पर्यंतच्या मूळ डिस्क-चालकांना ४ जीबीपलीकडचा पत्ता हाताळता येत नाही. त्यापलीकडे लेखन केल्यास ते पुन्हा डिस्कच्या आरंभाकडे वळून तेथील माहिती नष्ट करू शकते. अमिगाओएसमधून ज्या विभागावर लेखन करायचे आहे, तो पूर्णपणे पहिल्या ४ जीबीत असणे म्हणूनच आवश्यक असते.

मिनिरूट

प्रतिष्ठापनासाठी लागणारी साधने 'मिनिरूट' या लहान संचिका-प्रणालीत असतात. एक्सस्ट्रीमटूडेव्ह हा अमिगाओएसवर चालणारा प्रोग्राम मिनिरूटची प्रतिमा थेट स्वॅप विभागावर उतरवतो. स्वॅप विभागात कायमस्वरूपी माहिती नसते. त्यामुळे प्रतिष्ठापन होईपर्यंत ती जागा तात्पुरती वापरता येते. नवी प्रणाली सुरू होऊन स्वॅप वापरात आला, की मिनिरूटवर नवी माहिती लिहिली जाऊन तो आपोआप नाहीसा होतो.

संपूर्ण प्रक्रियेतील ही सर्वांत जोखमीची पायरी होय. येथे चुकीचा विभाग निवडल्यास त्यावरील माहिती परत मिळवणे बहुधा अशक्य असते. त्यामुळे आधी संपूर्ण डिस्कची प्रत काढून ठेवणे इष्ट ठरते.

कर्नेल सुरू करणे

लोडबीएसडी हा प्रोग्राम अमिगाओएसमधून नेटबीएसडीचे कर्नेल स्मृतीत भरतो, अमिगाओएस थांबवतो आणि संगणकाचे नियंत्रण कर्नेलकडे सोपवतो. अमिगाओएसकडे परत जाण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. कर्नेलने मूळ विभागाविषयी विचारणा केल्यास या टप्प्यावर स्वॅप विभागाचे नाव द्यावे लागते, कारण मिनिरूट तेथे असतो. नेटबीएसडीत मूळ विभागाला 'ए', स्वॅपला 'बी' आणि संपूर्ण डिस्कला 'सी' हे अक्षर दिलेले असते.

संच उतरवणे

यानंतर मूळ विभागावर नवी संचिका-प्रणाली तयार करून त्यावर नेटबीएसडीचे संच उतरवले जातात. कर्नेलखेरीज 'बेस' आणि 'ईटीसी' हे संच अनिवार्य असतात. कंपायलर, माहितीपृष्ठे, खेळ आणि एक्स विंडो यांचे संच ऐच्छिक असतात. संच सीडी-रॉमवरून किंवा नेटवर्कद्वारे घेता येतात. नेटबीएसडीला अमिगाओएसचे विभाग वाचता येत असल्याने ते आधीच अशा विभागात ठेवूनही काम भागते. मात्र या विभागांवर लेखन करता येत नाही.

अखेरीस मूळ विभागावर बूट ब्लॉक बसवल्यास संगणक अमिगाओएसच्या मध्यस्थीविना थेट नेटबीएसडीत सुरू होऊ शकतो.

मर्यादा

अमिगा ३००० चा प्रोसेसर १६ किंवा २५ मेगाहर्ट्झ वेगाने चालतो. त्यामुळे आजच्या संगणकावर क्षणार्धात होणारी कामे, उदाहरणार्थ सुरक्षित दूरस्थ प्रवेशासाठी कूटकिल्ल्या तयार करणे, येथे बराच वेळ घेतात. यावर उपाय म्हणून नेटबीएसडी वेगवान आधुनिक संगणकावर अमिगासाठी संकलित करता येते. खुद्द अमिगावर संपूर्ण प्रणाली संकलित करण्याची गरज उरत नाही.

हार्डवेअरचे वय ही दुसरी मर्यादा आहे. अमिगा २०००, ३००० आणि ४००० मधील घड्याळाची बॅटरी गळून मदरबोर्डवरील जोडण्या खराब होतात, तर अमिगा ६०० आणि १२०० मधील कपॅसिटर गळतात. प्रतिष्ठापनापूर्वी त्यांची तपासणी व आवश्यकतेनुसार बदल करणे अनेकदा अपरिहार्य असते.

सद्यस्थिती

अमिगाचा समावेश नेटबीएसडीच्या दुसऱ्या श्रेणीतील आवृत्त्यांत होतो. म्हणजे तिची देखभाल मुख्यतः त्या यंत्रात रस असणाऱ्या स्वयंसेवकांवर अवलंबून असते. २०१२ मधील नेटबीएसडी ६.० पासून कालगणनेसाठी ६४ बिटांचा वापर होऊ लागला. त्यामुळे अनेक ३२ बिट युनिक्स प्रणालींना भेडसावणारी २०३८ सालची कालगणनेची अडचण नेटबीएसडीच्या स्वतःच्या रचनेपुरती दूर झाली, आणि त्याचा लाभ अमिगालाही मिळाला. मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटबीएसडी १०.० मध्येही, म्हणजे कमोडोर बंद पडल्यानंतर सुमारे ३० वर्षांनी, अमिगासाठीची आवृत्ती उपलब्ध होती.