जीव वाचला, आता स्नायू वाचवा

लासलगावच्या कांदा बाजारात पोती उचलणारा माणूस गंभीर आजारातून वाचतो. पण घरी आल्यावर त्याला खाटेवरून उठवत नाही. घरचे त्याला नुसता अशक्तपणा समजतात. प्रत्यक्षात स्नायू झिजलेले असतात. ब्रिटनमध्ये अतिदक्षता विभागातील ६३ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) मांडीचा स्नायू दहा दिवसांत सुमारे १८ टक्के घटला होता.

ही झीज सलाईनने भरत नाही. ग्लुकोजच्या साध्या सलाईनमध्ये प्रथिने नसतातच. युरोपीय तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार किलोमागे रोज १.३ ग्रॅम प्रथिनांपर्यंत हळूहळू जावे. ६० किलोच्या रुग्णाला ७८ ग्रॅम. गिळता येत नसेल तर नळीवाटे.

अन्नाला हालचालीची जोड हवी. अमेरिकेतील १०४ रुग्णांच्या चाचणीत (२००९) लवकर व्यायाम मिळालेले ५९ टक्के रुग्ण रुग्णालय सोडताना स्वतःची कामे करू शकत होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते. मात्र घाई घातक ठरू शकते. प्रकृती स्थिरावल्यावर, डॉक्टर व फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच रुग्णाला बसवावे, उभे करावे.

घरी आल्यावर नुसत्या पेजेवर ठेवू नका. अंडी, दूध, डाळ, मटकीची उसळ द्या. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. आणि रोज थोडे चालवा.