वनस्पतिपेशीतील लवके आणि गुळवेल सत्त्वाची परीक्षा

वैद्यबंधूंनो, दाह व जीर्णज्वरात आपण गुळवेल सत्त्व नित्य योजतो. या शुभ्र चूर्णाची निर्मिती वनस्पतिपेशीतील ‘लवक’ या सूक्ष्म घटकात होते. म्हणून सत्त्वाची पारख करावयाची तर लवकांचा परिचय हवा.

लवकांना दुहेरी आवरण व स्वतःचे डीएनए असते. ती आद्यलवकांपासून घडतात. जर्मन शास्त्रज्ञ शिंपर यांनी १८८० च्या दशकात त्यांचे वर्गीकरण केले.

१) हरितलवके : ही पानांत व कोवळ्या खोडांत असून हरितद्रव्याच्या साहाय्याने सूर्यप्रकाशात शर्करा तयार करतात. तीव्र उन्हात वाळविलेल्या पानांतील हरितद्रव्य विघटित होऊन चूर्ण फिकट पडते. पत्रद्रव्ये सावलीत वाळविण्याचे हेही एक कारण होय.

२) वर्णलवके : यांत कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये असतात. मिरची पिकताना हरितलवकांचेच वर्णलवकांत रूपांतर होते. केशराचा रंगही कॅरोटिनॉइडांपासूनच बनतो. मात्र प्रत्येक रंग लवकांचा नसतो. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनमुळे, तर जास्वंदीची लाली अँथोसायनिनमुळे असते.

३) अवर्णलवके : ही रंगहीन असून मुख्यतः संचयाचे कार्य करतात. काहींत तेल, काहींत प्रथिने, तर पिष्टलवकांत स्टार्च साठतो.

गुळवेलीचे ताजे खोड कुटून पाण्यात कुस्करले असता पेशी फुटतात, स्टार्चकण बाहेर पडून तळाशी बसतात. वरचे पाणी काढून वाळविलेला हा साका म्हणजेच सत्त्व. स्वस्त स्टार्चची भेसळ येथेच सुलभ होते. आयोडिनने निळा रंग येणे ही शुद्धतेची खूण नव्हे, कारण कोणताही स्टार्च तो रंग देतो.

प्रत्येक वनस्पतीच्या स्टार्चकणांची घडण मात्र वेगळी असते. चिमूटभर सत्त्व पाण्याच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. गुळवेलीचे कण लहान, एकेकटे किंवा दोन ते चार जोडलेले असतात. बटाट्याचे कण बरेच मोठे, अंडाकृती, एका टोकाशी केंद्र व भोवती वलये असलेले. मक्याचे कोनयुक्त व मध्यभागी भेगाळ केंद्राचे दिसतात.

औषधनिर्मात्यांनी स्वतः काढलेल्या सत्त्वाचा नमुना तुलनेसाठी जवळ ठेवावा व प्रत्येक खरेदीची अशी परीक्षा करावी. निदान अचूक असूनही केवळ बटाट्याचे पीठ रुग्णाच्या पोटात गेले, तर उपशय मिळणार कसा?