मान डोलली, म्हणजे हो की नाही?

घाटकोपरची माझी भाची ऑनलाइन इंग्रजी शिकते. तिची शिक्षिका ब्रिटिश. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, मला नावाने हाक मार. भाचीच्या तोंडून मात्र महिनाभर 'मिस'च! मोठ्यांना नावाने हाक मारायची, हे आपल्या जिभेला जमतच नाही. "समजलं का?" विचारलं की ही मान डोलावते, आणि बाईंना वाटतं, नाही म्हणतेय.

खरी अडचण पुढे येते. बाईंना तिचं स्वतःचं मत हवं असतं. आपल्याकडे मोठ्यांशी असहमती म्हणजे उलट उत्तर, म्हणून मुलं गप्प बसतात. शिक्षकाला वाटतं, यांना येत नाही.

पण मत मागणारा परदेशी शिक्षकही दरवेळी ते पचवतोच असं नाही. १८६०च्या दशकात मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात सर अलेक्झांडर ग्रँट प्राचार्य होते. पुढे न्यायमूर्ती झालेले रानडे तेव्हा तिथे शिकत. त्यांनी निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी अंमलावर टीका केली. ग्रँट यांनी त्यांना सुनावलं आणि सहा महिने शिष्यवृत्ती थांबवली. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण ग्रँट यांना रानड्यांच्या बुद्धीचं कौतुकही होतं.

 

परदेशी शिक्षकांकडे शिकतानाचे तुमच्या मुलांचे अनुभव जरूर लिहा.