जुनी खिडकी आणि न दिसणारी धूळ

बालमित्रांनो, घराचं काम निघालं, की जुन्या लाकडी खिडक्या काढतात. ते बघायला गंमत वाटते ना? पण जवळ जाण्याआधी थोडं समजून घ्या.

खिडकी भिंतीत नुसती अडकवलेली नसते. चौकटीला लोखंडी पट्ट्या ठोकून त्यांची टोकं भिंतीत पक्की बसवलेली असतात. त्यांना ‘होल्डफास्ट’ म्हणतात. म्हणून सुतारकाका आधी बिजागऱ्यांचे स्क्रू काढून झडपा उतरवतात. मग कडेचा गिलावा फोडून पट्ट्या कापतात आणि चौकट बाहेर घेतात. काही जुन्या घरांत वरच्या भिंतीचा भार चौकटीवर आलेला असतो. तिथे आधी टेकू लावावाच लागतो.

दुसरा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो जुन्या रंगात असतो! पूर्वी तैलरंगांत शिसं घालत. भारतात १ नोव्हेंबर २०१७पासून घरगुती रंगांत १० लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. त्याआधीच्या रंगांत ते कितीतरी जास्त असू शकतं. कोरडा रंग घासला, की धूळ उडते, हाताला लागते आणि पोटात जाते. शिसं मुलांच्या मेंदूला इजा करतं, आणि ती भरून येत नाही.

पालकांनो, काम चालू असताना मुलांना दूर ठेवा. रंग ओला करूनच खरवडा. धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि मुलांनो, हात धुतल्याशिवाय खाऊला शिवायचं नाही! होळीसाठी लाकडं गोळा करताना रंगवलेल्या झडपा मुळीच घेऊ नका. त्यांच्या धुरातूनही शिसं पसरतं.