बदकाच्या पोटातली साक्ष

दिवाळीच्या सुमारास पनवेलजवळच्या नेरे गावात भातकापणी चाललेली असते. मागे माथेरानचा डोंगर, खाली गाढी नदी आणि मधल्या खाचरांत कुठेकुठे उरलेलं पाणी. त्या पाण्यात हळदी-कुंकू बदकांची जोडी उतरली की कुणीतरी म्हणतंच, ‘आली भात खायला!’ हा आरोप कितपत खरा, ते मी शोधू लागलो.

काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपका, म्हणून हे हळदी-कुंकू. खाण्यासाठी ते सहसा पूर्ण बुडी मारत नाही. मान पाण्यात, शेपटी वर, असं उलटं होऊन उथळ तळ चाचपतं. चोचीच्या आतल्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. चिखलपाणी आत घ्यायचं, पाणी जिभेने बाहेर लोटायचं आणि दात्यांत अडकेल ते गिळायचं. हिवाळी पाहुण्या थापट्या बदकाची चाळणी तर इतकी बारीक, की पाण्यातले सूक्ष्म जीवही तीत अडकतात. कवींनी हंसाला बहाल केलेला नीरक्षीरविवेक त्याच्याच कुळातल्या या पाखरांनी चिखलात खरा करून दाखवला आहे.

पण अडकतं काय? पूर्वी अभ्यासक शिकार झालेल्या बदकांची पेषणी उघडून पाहत. पेषणी म्हणजे पोटातलं जातंच. गिळलेल्या खड्यांच्या साहाय्याने तिथे अन्न दळलं जातं. तिथे बिया आणि दाणे सापडत, म्हणून बदक दाणे खाणारं ठरलं. 1970 साली स्वान्सन आणि बार्टोनेक या अमेरिकी संशोधकांनी यातली गफलत दाखवली. मऊ किडे पेषणीत काही मिनिटांत नाहीसे होतात, कठीण बी मात्र काही दिवस टिकतं. म्हणजे पोटाची साक्ष खोटी नव्हती, अर्धवट होती. म्हणून पुढे नुकत्याच चरलेल्या पक्ष्याच्या अन्ननलिकेतलं अन्न तपासण्यावर भर आला.

त्यातून दिसलं ते असं, की बदकाचं ताट ऋतूप्रमाणे बदलतं. एरवी पाणवनस्पतींचे कोंब, गवताच्या आणि लव्हाळ्याच्या बिया. अंडी घालायच्या दिवसांत मादीला प्रथिनं हवीत, कवचासाठी चुना हवा. मग ती अळ्या आणि गोगलगायींकडे वळते. पिल्लं तर पहिले काही आठवडे मुख्यतः किड्यांवरच वाढतात.

भात ती खातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. उभ्या पिकातही कधी चोच घालतात. पण कापणीनंतर खाचरात सांडलेला दाणा आपल्या कोठारात येणार नसतोच.

मला काळजी वेगळीच वाटते. पनवेलच्या आसपास खाचरं भरावाखाली जात आहेत. तलाव ‘सुशोभित’ होतात तेव्हा दगडी काठ उभा राहतो आणि कडेचं गवत, चिखल निघून जातो. पाणी तेवढंच दिसतं, पण बदकाला पुरतं ते वीतभर खोलीचं पाणी संपलेलं असतं. मग आपण काठावरून पाव टाकतो. त्याने पोट भरतं, पण पिल्लाच्या हाडामांसाला लागणारी अळी त्यात नसते. ती काठाच्या चिखलातच मिळते.